गाजलेली कादंबरी, न कळणारा सिनेमा आणि समीक्षकांच्या टाळ्या

अमळनेरकर मास्तर (धागाकर्ता)
आमच्या वाचनकट्ट्यावर दर वेळी हा वाद पेटतो आणि चहा आला की विझतो, म्हणून इथं मांडतो. एखाद्या पुस्तकावर बोंबाबोंब झाली की समीक्षकांना त्यात आपोआप ‘धाडस’ दिसायला लागतं. सिनेमा कुणालाच कळला नाही, तर त्याला ‘स्वप्नासारखा’ म्हणून मोकळं व्हायचं.

अमेरिकी दिग्दर्शक डेव्हिड लिंचचा ‘मुलहॉलंड ड्राइव्ह’ घ्या. मुळात तो टीव्ही मालिकेचा पहिला भाग म्हणून १९९९ साली चित्रित झाला. एबीसी वाहिनीनं नाकारला. मग आणखी चित्रीकरण जोडून २००१ साली सिनेमा केला. सुरुवातीची काही पात्रं पुढं कुठं गडप होतात याचा पत्ता नाही, कारण ती मालिकेच्या पुढच्या भागांसाठी राखून ठेवलेली असणार. आणि २०१६ साली बीबीसीनं १७७ समीक्षकांना कौल विचारला, तर या शतकातला सर्वोत्तम सिनेमा म्हणे हाच! शिंप्याला कापड कमी पडलं म्हणून त्यानं ठिगळ लावलं आणि गिऱ्हाइकानं त्यालाच फॅशन म्हटलं, त्यातला प्रकार.

भुसावळ जंक्शन
मास्तर, सोळा आणे बोललात. मी कमल स्वरूपचा ‘ओम दर-ब-दर’ पाहिला. अजमेर, बेडूक, बेडकांच्या पोटात हिरे. माले काहीच समजनं नही भो. बायको अर्ध्यातून उठून शेवभाजीला फोडणी द्यायला गेली, तिचा वेळ तरी सत्कारणी लागला. १९८८ चा सिनेमा, थिएटरात लागला २०१४ साली. एवढी वर्षं डब्यात होता म्हणूनच त्याचा देव झाला, असा माझा संशय आहे.

वाचनवेडी, जळगाव
मास्तर, नमस्कार. वादानं कौतुक मिळतं हे तुमचं गृहीतकच मला पटत नाही. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ आठवते? १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली, अश्लीलतेचा खटला झाला, उच्च न्यायालयानं दोषी ठरवलं आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयानं सोडलं. यापेक्षा मोठा वाद मराठी साहित्यात कुठला? मग आज कोण समीक्षक ‘श्यामा’ला डोक्यावर घेतो? कायद्याचे विद्यार्थी तेवढे ती वाचत असतील, तीही निकालपत्रातून.

आता दुसरी बाजू. भाऊ पाध्यांची ‘वासूनाका’ १९६५ ची. तिच्यावर आचार्य अत्रे अक्षरशः तुटून पडले होते. हेच अत्रे आपल्या बहिणाबाईंच्या कवितांचे पहिले मोठे चाहते. १९५२ साली संग्रह आला तो त्यांच्या प्रस्तावनेसह. असोद्याच्या लेवा बोलीतलं सोनं ज्यांनी एका नजरेत ओळखलं, त्यांना मुंबईच्या नाक्यावरच्या पोरांची बोली सोसली नाही. बोली तीही अस्सलच होती. फरक एवढाच, की एकीत ओवी होती आणि दुसरीत शिवी. पुढच्या पिढीनं पाध्यांना मानलं ते शिव्यांसाठी नव्हे. ती पोरं बोलायला लागली की लेखक मध्ये येऊन त्यांचे कान उपटत नाही, हे लिहायला फार अवघड असतं.

केळीबागवाला, रावेर
ताई, भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’चं काय मग? त्यांचं गाव सांगवी आमच्या शेजारच्या तालुक्यातलं, म्हणून मी मान डोलवायची का? १९६३ मध्ये नवं होतं, कबूल. आज होस्टेलवरचं प्रत्येक पोरगं तसंच लिहितं. कंटाळा आला की कंटाळ्यावर कादंबरी.

वाचनवेडी, जळगाव
भाऊ, नायकाची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाच्या साथीत दगावते, ती पानं पुन्हा काढा आणि मग कंटाळ्याचं बोला. एवढीच विनंती.

केळीबागवाला, रावेर
ती पानं सोडून बोलत होतो.

यंत्रमाग, मालेगाव
तुम्ही सगळे समीक्षकांवरच अडकलात. आमच्याकडं शेख नासिरनं हौशी कलाकार घेऊन ‘मालेगाव के शोले’ केला, पुढं सुपरमॅन पण मालेगावात आणला. यंत्रमागावर काम करणारा हडकुळा पोरगा सुपरमॅन! लंडन-पॅरिसमध्ये कुणी केलं असतं तर त्याला अतिवास्तव म्हटलं असतं. इथं लोक पोट धरून हसले. त्यावर २००८ साली माहितीपट आला तेव्हा कुठं बाहेरच्यांचं लक्ष गेलं. कौतुकाला पत्ता लागतो, मास्तर.

तापीकाठचा
यंत्रमाग भाऊंचं पटलं, मास्तरांचं नाही. ‘मुलहॉलंड ड्राइव्ह’मध्ये एक क्लब आहे. निवेदक आधीच बजावतो, इथं वाद्यवृंद नाही, सगळं रेकॉर्ड केलेलं आहे. मग एक बाई येते आणि विरहाचं गाणं म्हणते. भाषा स्पॅनिश, मला शब्द कळत नव्हता, तरी घशात आवंढा. गाता गाता ती कोसळते आणि गाणं चालूच राहतं. बनाव आहे हे सांगून-सवरून त्यानं रडवलं. हे ठिगळ असेल तर अशी ठिगळं अजून लावा.

वाचनवेडी, जळगाव
आणि नाबोकॉव्हच्या ‘लोलिता’चं कुणी काढायच्या आधी मीच काढते, कारण मुलीची आई म्हणून ती मला हातात धरवत नव्हती. १९५५ साली पॅरिसमध्ये छापली. ग्रॅहम ग्रीननं वर्षातल्या उत्तम पुस्तकांत धरली, तर जॉन गॉर्डन या संपादकानं घाणेरडी म्हणून झोडपली. मला विचाराल तर कौतुक रास्त आहे, पण बरंचसं चुकीच्या कारणासाठी झालं. अल्पवयीन पोरीला ताब्यात ठेवणारा माणूसच ती गोष्ट सांगतो, आणि इतकं गोड बोलतो की पोरगी रात्री रडते हे वाक्य आपण वाचून पुढं जातो. लेखकानं ते मुद्दाम कोपऱ्यात ठेवलंय. ज्यांनी तिला प्रेमकथा म्हटलं, त्यांनी त्या माणसाचं ऐकलं, पुस्तक वाचलं नाही.

अमळनेरकर मास्तर
‘श्यामा’चा दाखला बिनतोड आहे, त्यावर मला उत्तर नाही. पण बघा, इथं ज्यांनी बाजू घेतली त्यांनी पान दाखवलं, प्रसंग दाखवला. माझं भांडण आहे ते ‘आदिम अस्वस्थतेचा बहुपेडी आविष्कार’ असं लिहून मानधन उचलणाऱ्यांशी. त्यांनी क्लबातल्या त्या बाईवर एक ओळ तरी साध्या मराठीत लिहून दाखवावी. तापीकाठच्या, तो प्रसंग पाहतो मी परत. बाकीचा सिनेमा मात्र वाहिनीनं नाकारला ते बरंच केलं, या मतावर ठाम.

भुसावळ जंक्शन
आन बेडूकनं काय? त्यानी बाजू कोन्ही लेवाव नही का?