दूरशिक्षण की दूर ठेवणं?

बाळीवेसकर (धागाकर्ता)
धाकटा भाऊ पूर्ण अंध आहे, घरून बी.ए. करतोय. नोट्स आल्या त्या झेरॉक्सच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ. त्याच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए आहे, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं फुकटचं सॉफ्टवेअर. पण स्कॅन केलेलं पान म्हणजे त्याच्या लेखी नुसतं चित्र, ते मुकाट बसतं. उरलेल्या फाइली जुन्या फाँटात. डोळ्यांना मराठी दिसतं, आतून इंग्रजी अक्षरं; मग ते असं काही बरळतं की भाऊ पोट धरून हसतो. परीक्षा जवळ आली की हसत नाही. रात्री कामावरून आलो की मी बसून टाइप करतो. टॅब वाटू नका, ॲप काढू नका. युनिकोडमधला, म्हणजे आतूनही मराठीच असलेला मजकूर द्या, बास.

चाकावरचा
मला या दूरशिक्षणाचं कौतुकच नको. प्रवेशाला गेलो तर ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. साहेब खाली येऊन म्हणाले, "तुम्ही घरूनच करा की वो, कशाला त्रास?" इतका गोड नकार आजवर कुणी दिला नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत दिव्यांगांना किमान ५ टक्के जागा आहेत. त्या काय घरच्या खाटेवर भरायच्या? उद्या घरचे धडे छान झाले, तर रॅम्प कोण बांधणार?

करमाळ्याची
दादा, तुम्ही शहरात आहात. मला कुबड्या घेऊन एसटीच्या पायऱ्या चढायच्या आणि सोलापूरला पोचायचं, म्हणजे अर्धा दिवस तिथंच गेला. रॅम्प पुढच्या वर्षी होईल, नाहीतर त्याच्या पुढच्या. मी तोवर थांबू?

खडूवाला
शिकवतो, म्हणून बोलतो. वर्गात असा विद्यार्थी एखादा. त्याच्यासाठी सगळं पुन्हा टाइप कोण करणार? वर पुस्तकांचा कॉपीराइट.

बाळीवेसकर
सर, कॉपीराइट आड येत नाही. वाचता न येणाऱ्यांसाठी सुलभ प्रत काढायला २०१२ च्या दुरुस्तीनं मोकळीक दिलीय. आणि पुन्हा टाइप कशाला? छापायच्या आधी कुणीतरी केलंच होतं ना?

पूर्वभाग
सगळे डोळ्यांचंच बोलताय. माझ्या बहिणीला ऐकू येत नाही. व्हिडिओत मास्तर फळ्याकडे तोंड करून बोलतात, खाली अक्षरं नाहीत. ओठ तरी कुठले वाचणार?

चाकावरचा
करमाळ्याच्या ताई, थांबू नका. पण "घरून करा" हे तुम्ही ठरवलंत. मला ते ऐकवलं गेलं. फरक तेवढाच, आणि तो मी सोडणार नाही.

खडूवाला
बाळीवेसकर, माझ्या नोट्सची मूळ फाइल सापडली. जुन्या फाँटातच आहे पण. चालेल?

बाळीवेसकर
पळेल सर! जुना फाँट युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर आहे, त्यात बिघडलेली जोडाक्षरं मी हातानं नीट करतो. व्हिडिओत जे बोलता ते लिहिलेलं असेल तर तेही पाठवा, पूर्वभागच्या ताईंना लागेल.