मसाई मारा आणि डियानी बीच: जूनची सुरुवात की जानेवारी? मदत हवी आहे

मंडळी, पुढच्या वर्षी केनियाला जायचं घाटतंय. आधी मसाई माराचं अभयारण्य, मग मोंबासाजवळ डियानीला समुद्र. आम्ही दोघं, सहावीतली लेक आणि सासरे (वय ६८, कंबर नाजूक). घोडं अडलंय ते महिन्यावर.

लेकीची मोठी सुट्टी एप्रिल-मेमध्ये आणि नेमका तेव्हाच तिथला मोठा पाऊस. स्वस्त पॅकेजं दिसतात ती उगाच नाही. माराची जमीन आपल्या मराठवाड्यासारखी काळीभोर. भिजली की गाडी रुतलीच. माझं माहेर परभणीकडचं, त्यामुळे या चिखलाचं कौतुक मला कुणी सांगायला नको. मे बाद.

नवऱ्याला विल्डबीस्टचे (तिथल्या मोठ्या हरणांचे) कळप मारा नदी ओलांडताना बघायचेत. म्हणजे साधारण जुलैअखेर ते सप्टेंबर. पण तेव्हा शाळा, आणि १ जुलैपासून माराची प्रवेश फी मोठ्या माणसामागे दिवसाला १०० डॉलरची थेट २०० होते. एवढं करून कळप काठावर तासन् तास उभे राहतात आणि मागे फिरतात, असंही होतं म्हणे. दिवाळीत फी तीच, कळप बहुतेक टांझानियाच्या वाटेला लागलेले, वर छोटा पाऊस. तेलही गेलं, तूपही गेलं.

उरले दोन पर्याय. जूनचे पहिले दहा-बारा दिवस: शाळा उघडलेली नसते, पाऊस ओसरलेला, फी १००. पण पावसानंतर गवत उंच, त्यात बसलेला सिंह काय दिसणार? शिवाय डियानीला तेव्हा दक्षिणेकडचा वारा, समुद्र खवळलेला आणि किनाऱ्यावर शेवाळ. दुसरा पर्याय जानेवारीअखेर ते फेब्रुवारी: बहुतेक कोरडं, समुद्र शांत, पाणी स्वच्छ, फी १००च. किनाऱ्यावर उकडतं, पण मुंबईकरांना त्याचं काय! माझा कौल याला. सहावीचा एक आठवडा बुडाला तर आभाळ कोसळत नाही. सिंह, चित्ते, हत्ती मारात बारा महिने असतात, पण नवऱ्याचं एकच पालुपद: कळप नाहीत तर मारा कशाला?

जूनच्या सुरुवातीला कुणी गेलंय का? प्राणी नीट दिसले का? डियानीला समुद्रात पोहता आलं, की हॉटेलच्या पूलवरच भागवलं?

नैरोबीहून मारा रस्त्याने पाच-सहा तास. सासऱ्यांसाठी विल्सन विमानतळावरून छोटं विमान घ्यावं म्हणतेय. त्यात माणशी १५ किलोच सामान, तेही मऊ बॅगेत. पैसे वसूल होतात का?

आणि पिवळ्या तापाची लस. केनियाहून परतताना कार्ड नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन. साठीपुढच्यांना ही लस जपूनच देतात. घरातल्या ज्येष्ठांना कुणी दिली असेल तर नंतर काही त्रास झाला का, तेवढं जरूर लिहा. पॅकेजच्या जाहिराती कृपया नकोत.