बसला वेगळी लेन पाहिजे, पण सांगलीच्या मारुती रोडला जागा कुठनं आणायची?

फ्लॅट ३०४ ताई: काल पोरगी विश्रामबागवरनं मिरजेला परीक्षेला निघाली आणि बस नुसती गर्दीत उभी, घामाघूम होऊन पोचली बिचारी. सांगली-मिरज रोडला पुण्यासारखी बसची वेगळी लेन का नाही करत? सह्या करून निवेदन देऊया.

फ्लॅट १०२ काका: पुण्याचं सांगू नका. २००६ ला स्वारगेट-कात्रज-हडपसर बीआरटी म्हणजे बसची वेगळी लेन सुरू झाली तेव्हा मी तिकडंच नोकरीला होतो, लेनमध्ये सगळ्या टू-व्हीलर घुसायच्या आणि थांबा रस्त्याच्या मधोमध, म्हातारी माणसं जीव मुठीत धरून रस्ता ओलांडायची.

फ्लॅट ४०१: काका तुमचं खरंय, चौक आला की लेन तुटायची आणि बस परत गर्दीत, मग लेन असून उपयोग काय. मी रस्त्यांच्या नकाशांचं काम करतो म्हणून जरा लांबड लावतो, वाचा मात्र. बस अडीच मीटर रुंद, तिला लेन साडेतीन मीटर लागते, जाणारी-येणारी मिळून ७. थांब्याचा फलाट ३. दोन्हीकडं गाड्यांना एकेक लेन ३ मीटरची आणि फुटपाथ २ मीटरचे, म्हणजे झाले २०. विश्रामबागच्या बाजूला हे बसवता येईल, पण गावात मारुती रोडला, हरभट रोडला ही पद्धत चालायचीच नाही. आणि तिथं जागा नाही म्हटलं की पहिला फुटपाथ खाल्ला जातो, त्याला माझा ठाम विरोध आहे, बसला येणारा माणूस चालतच येतो ना.

फ्लॅट ३०४ ताई: मग गावात सोडूनच द्यायचं का?

फ्लॅट ४०१: नाही ताई, उलट गर्दी तिथंच आहे. अमेरिकेत यूजीन म्हणून गाव आहे, तिथं २००७ पासून काही ठिकाणी दोन्हीकडच्या बस एकाच लेनमधनं जातात. आपल्या मिरज-कोल्हापूर सिंगल लाईनसारखंच, एक आत असेल तर समोरचीला लाल सिग्नल. ४०० मीटरचा तुकडा ताशी २० नं सव्वा मिनिटात पार होतो, त्यामुळं दोन्हीकडनं दर पाच मिनिटांनी बस आली तरी निभतं. दुसरं म्हणजे जाताना एका रस्त्यानं, येताना शेजारच्या. आणि दोन्ही दिशांचे थांबे समोरासमोर न ठेवता पुढंमागं ठेवले की एका जागी एकाच फलाटाची रुंदी लागते. कोलंबियातल्या बोगोटाला तर हिमेनेस रस्त्याच्या एका भागात मोटारीच काढल्या, बस आणि चालणारी माणसं एवढंच ठेवलं.

फ्लॅट २०१ दादा: आमचं दुकान मारुती रोडला आहे, मोटारी काढल्या तर माल कुठं उतरवायचा? गिऱ्हाईक गाडी लावल्याशिवाय येत नाही हो.

फ्लॅट ४०१: दादा, माल सकाळी ९ च्या आत आणि रात्री उतरवायचा, तेवढा वेळ लेन मोकळीच असते. पार्किंगचा प्रश्न मात्र खरा आहे, तो आधी सोडवल्याशिवाय मीपण सही करणार नाही. पेठेच्या दोन्ही टोकांना गाडीतळ पाहिजेतच.

फ्लॅट १०२ काका: आणि ॲम्ब्युलन्स?

फ्लॅट ४०१: ती बसच्या लेनमधनंच जाऊ द्यायची, उलट लवकर पोचेल.

फ्लॅट २०१ दादा: गाडीतळाचं पहिल्या ओळीत लिहा, मग मी शेजारच्या दुकानदारांना विचारतो.

फ्लॅट ४०१: लिहितो. रविवारी सकाळी दुकानं उघडायच्या आधी रस्ता मोजायला जाऊ, रुंदीचे आकडे जोडल्याशिवाय निवेदन द्यायचं नाही. दादा तुम्ही याच, कुठल्या बोळात टेम्पो उभे राहतात ते तुम्हालाच माहीत.

फ्लॅट ३०४ ताई: मीपण येते, टेप धरायला दोघं लागतील.