स्प्रेने आवाज जातो, पण किती दिवस?

सायकलचा पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणारा, धक्के झेलणारा भाग) कुईकुई करत असेल, तर त्याच्या नळ्यांवर गंज सोडवायचा स्प्रे मारा, आवाज थांबतो, असं एकाने सुचवलंय, ते खरं. पण थांबते चार दिवस. स्प्रे पातळ असतो, सीलमधलं (नळीभोवतीच्या रबरी कड्यातलं) ग्रीस धुऊन नेतो आणि मग आमच्याकडची कपाशीच्या रानातली काळी धूळ आत शिरायला मोकळी. बऱ्याच एअर फोर्कमध्ये (स्प्रिंगऐवजी हवेवर चालणाऱ्या) सीलखाली फोमची कडी असते, ती कोरडी पडली की नळी घासते. सायकल रात्रभर चाकं वर करून ठेवा, फोर्कच्या खालच्या नळ्यांतलं तेल उतरून कडी भिजते. फुकटचा उपाय! स्प्रिंगच्या साध्या फोर्कला मात्र उघडून ग्रीसच.

पण आवाज फोर्कचाच कशावरून? मनुदेवीच्या देवळाच्या वाटेवर माझी कटकट सुरू झाली, सील बदलले, तरी तशीच. शेवटी पुढचा ब्रेक दाबून, हेडसेटच्या (फोर्क फ्रेममध्ये फिरतो तिथल्या बेअरिंगच्या) सांध्यावर बोट ठेवून सायकल मागेपुढे हलवली, तर सांधा खेळत होता. आधी स्टेमचे (हँडल फोर्कला जोडणाऱ्या तुकड्याचे) बाजूचे बोल्ट ढिले, मग वरचा बोल्ट जरासा आवळा, मग बाजूचे घट्ट. हा क्रम चुकला तर वरचा कितीही पिळा, काही होत नाही. पाच मिनिटांचं काम, आणि मी सीलचे पैसे घालवून बसलो.