सुट्टीच्या ठिकाणी पाच दिवसांची बुद्धिबळ स्पर्धा: वेळापत्रक बघून सांगाल का?

प्यादं_पुढे:
आमच्या क्लबाची बाहेरगावी पहिलीच स्पर्धा. समुद्रकाठचं हॉटेल, पाच दिवस, साधारण 80 खेळाडू, निम्म्यांबरोबर घरची मंडळी. स्विस पद्धत (कुणी बाद होत नाही, सारख्या गुणांचे एकमेकांशी खेळतात), प्रत्येकाला 90 मिनिटं अधिक चालीमागे 30 सेकंद, 9 फेऱ्या. चार दिवस रोज दोन, पाचव्या दिवशी एक. हॉटेलवाले समुद्राकडे उघडणारा हॉल देतायत. काही चुकतंय का?

अडीच_घरं:
पंच म्हणून बरीच वर्षं काढली, म्हणून स्पष्टच सांगतो. फेऱ्या कमी करा.

60 चालींचा डाव धरला तर प्रत्येकाला दोन तास, म्हणजे एक फेरी चार तासांची. दोन फेऱ्या म्हणजे आठ तास पटावर. फिडेची, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेची, मर्यादा दिवसाला 12 तासांची आहे, त्यामुळे नियमात बसतं. पण मग माणसं समुद्र बघणार कधी? नॉर्मसाठी, म्हणजे ग्रँडमास्टरसारख्या किताबासाठी लागणाऱ्या कामगिरीसाठी, 9 फेऱ्या लागतात. तो विषय नसेल तर 80 जणांना 7 पुरतात. पाच दिवसांत 1-2-1-2-1 असं लावा. पहिल्या दिवशी संध्याकाळी, कारण कुणाची ना कुणाची गाडी उशिरा येतेच. शेवटची फेरी सकाळी लवकर, नाहीतर चेकआउटच्या घाईत चांगले डाव बरोबरीत सुटतात.

आता तो हॉल. एकदा मीही अशाच हॉलला भुललो होतो. दुपारी तीनला ऊन थेट पटांवर, काळे मोहरे चकाकायला लागले, खेळाडू हाताचा आडोसा धरून विचार करतायत. पडदे मागवले, तर पडदेच नाहीत. दार उघडलं की स्कोअरशीट उडायची. चालीमागे 30 सेकंद मिळत असले की शेवटपर्यंत चाली लिहाव्या लागतात, त्यामुळे एक पोरगा वेळेच्या ओढाताणीत टेबलाखाली कागद शोधत होता. त्यात शेजारच्या दालनात लग्न निघालं! हॉटेलने आम्हाला अवाक्षर सांगितलं नव्हतं. फेरीच्या वेळी शेजारी काय चालणार, हे लेखी घ्या. आणि हॉल बघायला जाल तो फेरीच्याच वेळेला जा, सकाळी नाही.

वजिराची_आई:
मुलाबरोबर जाणाऱ्यांच्या वतीने: पुढच्या फेरीच्या जोड्या रात्री वेळेवर लावा. त्या मध्यरात्री येतात आणि पोर जागत बसतं. पालकांना बसायला हॉलपासून लांब जागा हवी. दाराशी उभं राहून काचेतून बघणारे आम्हीच असतो, आणि आमचीच कुजबुज आत जाते.

किल्लेकोट:
तारखा ठरल्यात का? इंग्लंडमधली हेस्टिंग्जची स्पर्धा नाताळ-नववर्षाच्या सुमारास, नेदरलँड्समधली वाइक आन झेची जानेवारीत. दोन्ही समुद्रकाठची, दोन्ही ऐन थंडीतली. हंगाम नसताना खोल्या मोकळ्या असतात. आणि बाहेर गार वारा असला की खेळाडू आपणहून पटाशी बसतो.

अर्ध्या गुणाचा एक बाय (एक फेरी न खेळता अर्धा गुण) ठेवा, फक्त शेवटच्या फेरीत देऊ नका. घरच्यांबरोबर एक दुपार फिरायची असेल त्याला खोटं आजारपण सांगावं लागू नये.

प्यादं_पुढे:
7 फेऱ्या पक्क्या. हॉल परवा दुपारी तीनला बघून येतो. बायचं कमिटीपुढे मांडतो. आमचे खजिनदार स्वतःच पहिला मागतील.

@अडीच_घरं, त्या पोराचा कागद सापडला का?

अडीच_घरं:
सापडला. मी घड्याळ थांबवून दुसरा देईपर्यंत त्याने खुर्चीच्या पायाखालून ओढून काढला. डाव मात्र हरला.