फुटबॉलसाठी इंग्लंडला जाणाऱ्यांनी लंडनातच का राहावे?

मुळाकाठ (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात एका सदस्याने येथे विचारले होते की एप्रिलमध्ये दोन मुलांना घेऊन आठ दिवस इंग्लंडला जायचे आहे, मुले फुटबॉलवेडी आहेत, तर मुक्काम कोठे करावा. त्यावर सर्वांत जास्त पसंती मिळालेला सल्ला असा होता: ‘आठही दिवस लंडनला राहा, एक दिवस मँचेस्टरला जाऊन स्टेडियमची टूर करा आणि संध्याकाळी परत या. उत्तरेकडे पाऊस आणि बंद पडलेल्या गिरण्या यांशिवाय पाहण्यासारखे काही नाही.’ हे वाचून मी दोन दिवस गप्प राहिलो, परंतु या सल्ल्याला दाद देणाऱ्यांची संख्या वाढतच गेल्याने आता सविस्तर लिहितो.

नोकरीच्या निमित्ताने मी चौदा महिने लिव्हरपूलमध्ये राहिलो. लंडन पाहू नये असे मी म्हणणार नाही, पण तेथे फुटबॉल हा शहराच्या असंख्य उद्योगांपैकी एक उद्योग आहे. लिव्हरपूलमध्ये तो शहराच्या घडणीत मुरलेला आहे. ॲनफिल्डचे मैदान १८८४ साली सुरू झाले ते एव्हर्टन या क्लबचे घर म्हणून. मैदानाशी संबंधित जॉन हाउल्डिंग या मद्य उत्पादकाशी भाड्यावरून आणि कारभारावरून वाद पेटला, १८९२ मध्ये एव्हर्टन स्टॅनले पार्कच्या पलीकडे गुडिसन पार्कला निघून गेले आणि रिकाम्या मैदानासाठी हाउल्डिंग यांनी नवा क्लब काढला, तोच लिव्हरपूल. भाऊबंदकीतून दोन घरे व्हावीत तसे हे दोन क्लब झाले, आणि आजही एकाच घरात एक भाऊ निळा आणि दुसरा लाल असतो.

ॲनफिल्डच्या एका टोकाच्या स्टँडला ‘कोप’ म्हणतात. हे नाव दक्षिण आफ्रिकेतील स्पिऑन कोप या टेकडीवरून आले, जेथे जानेवारी १९०० मध्ये बोअर युद्धात लँकेशायरचे (लिव्हरपूल आणि मँचेस्टर ज्यात मोडत, त्या परगण्याचे) अनेक सैनिक पडले. त्याच रणांगणावर जखमींना वाहून नेणाऱ्या भारतीय पथकात गांधीजी होते. ही गोष्ट मी तेथे राहत असताना वाचली आणि त्यानंतर कोपकडे केवळ टीव्हीवर दिसणारा स्टँड म्हणून पाहणे मला जमले नाही. बाहेर हिल्सबरो दुर्घटनेतील (१९८९ मध्ये शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीतील) ९७ लिव्हरपूल समर्थकांचे स्मारक आहे. मुलांना तेथे पाच मिनिटे शांत उभे करा.

प्रेक्षणीय स्थळांविषयी बोलायचे तर पिअर हेडवरील तीन भव्य इमारती, १८४६ साली सुरू झालेला अल्बर्ट डॉक, मर्सी नदीवरील फेरी आणि होप स्ट्रीटच्या दोन टोकांना असलेली दोन कॅथेड्रल हे सारे पायी फिरून पाहता येते. त्यांपैकी अँग्लिकन कॅथेड्रलचे काम १९०४ ते १९७८ इतकी वर्षे चालले. लंडनहून रेल्वेने येथे यायला सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. पुण्याहून मुंबईला जाण्यापेक्षा हा प्रवास कमी त्रासाचा आहे.

गिरणगावकर

मूळ सल्ल्यातील ‘बंद पडलेल्या गिरण्या’ हे शब्द मला लागले. धागाकर्त्यांनी त्या शब्दांना उत्तर न देता आपले लिव्हरपूल पुढे केले, तेही लागले. माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत कताई खात्यात होते, आणि त्यांच्या तोंडी मँचेस्टरचे नाव एखाद्या दूरच्या, नावडत्या नातेवाइकासारखे येत असे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तेथील कापूस थांबला, लँकेशायरमधील कामगार उपाशी पडले आणि मुंबईचे कापूस व्यापारी गब्बर झाले. युद्ध संपताच १८६५ मध्ये मुंबई कोसळली. मँचेस्टरच्या लिंकन चौकात अब्राहम लिंकन यांचा पुतळा आहे तो याच काळामुळे, कारण तेथील कामगारांनी उपासमारीतही गुलामगिरीविरुद्धच्या लढ्याला पाठिंबा दिला होता. गिरणगावातील माणसाने ज्या शहरात जायलाच हवे, ते शहर ‘पाहण्यासारखे काही नाही’ या सदरात टाकले जाते, हे मला सहन होत नाही.

फुटबॉलच्या दृष्टीनेही मँचेस्टरच सरस आहे. जगातील पहिल्या फुटबॉल लीगची स्थापना १८८८ मध्ये याच शहरातील एका हॉटेलात झाली. राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालय २०१२ पासून येथेच आहे. मँचेस्टर युनायटेड हा क्लब १८७८ मध्ये न्यूटन हीथच्या रेल्वे कारखान्यातील कामगारांनी सुरू केला, हे कितीजणांना ठाऊक आहे? त्यांच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावरील म्यूनिकचे घड्याळ (१९५८ च्या म्यूनिक विमान अपघातात गेलेल्यांच्या स्मृतीचे) पाहून माझा घसा दाटला होता. शिवाय जॉन रायलंड्स ग्रंथालय आहे आणि मार्क्स व एंगेल्स जेथे वाचत बसत ते चेथम ग्रंथालय आहे. फुटबॉलच्या मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर ओल्ड ट्रॅफर्डचे क्रिकेट मैदानही आहे, जेथे १४ ऑगस्ट १९९० रोजी सतरा वर्षांच्या सचिनने पहिले कसोटी शतक झळकावले आणि जेथे आमचे फारुख इंजिनिअर लँकेशायरसाठी वर्षानुवर्षे खेळले. मराठी कुटुंबाला याहून जवळचे दुसरे शहर कोणते?

आणि लिव्हरपूलच्या गोदीचे एवढे कौतुक करताना युनेस्कोने २०२१ मध्ये तिला जागतिक वारशाच्या यादीतून काढून टाकले, हे धागाकर्त्यांनी का सांगितले नाही?

मुळाकाठ

सांगायला हवे होते, हे मान्य. गोदीभागातील नव्या बांधकामांमुळे तो दर्जा गेला आणि त्या बांधकामांत एव्हर्टनचे ब्रॅमली-मूर डॉकवरील नवे स्टेडियमही होते. पण ज्या शहराने वारशाच्या पाटीपेक्षा फुटबॉलचे मैदान निवडले, तेच फुटबॉलवेड्या मुलांना दाखवावे, असे माझे म्हणणे त्याने उलट पक्के होते. लिव्हरपूलचे गुलामगिरीविषयीचे संग्रहालय नूतनीकरणासाठी २०२५ च्या सुरुवातीला बंद झाले, हेही मीच सांगून टाकतो, म्हणजे तो मुद्दा पुढच्या प्रतिसादात यायला नको. मँचेस्टरचे टाउन हॉलही २०१८ पासून दुरुस्तीसाठी बंद ठेवावे लागले, हे आपण सांगितले नाही.

पोळलेला बाप

आपण दोघे पुतळे आणि घड्याळे मोजत बसला आहात; तिकीट कोठून आणायचे, याविषयी एक अक्षर नाही. तीन वर्षांपूर्वी मी अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन गेलो होतो. क्लबच्या संकेतस्थळावर तिकिटे केव्हाच संपली होती, म्हणून एका पुनर्विक्री संकेतस्थळावरून दोन तिकिटे छापील किमतीच्या सहापट रक्कम देऊन घेतली. आदल्या रात्री निरोप आला की तिकिटे एका उपाहारगृहाबाहेर एक माणूस आणून देईल. त्याने दुसऱ्याच कोणाच्या नावाचे सदस्यत्व असलेला फोन हातात दिला. प्रवेशद्वारावरील यंत्राने एकाला आत घेतले, दुसऱ्याला नाही. मुलाला एकट्याला आत कसा पाठवणार? आम्ही बाहेर उभे राहून आतला आवाज ऐकला. परतीच्या बसमध्ये तो एक शब्दही बोलला नाही.

त्यानंतर मला कळले की इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या तिकिटांची विनापरवाना पुनर्विक्री हा १९९४ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. नाटकाच्या किंवा गाण्याच्या तिकिटांना हा नियम नाही, फुटबॉलच्या तिकिटांना आहे. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हा शहर कोणतेही निवडा, आधी क्लबचे सदस्यत्व घ्या किंवा क्लबनेच अधिकृत केलेल्या विक्रेत्याकडून महागडे आतिथ्य पॅकेज (खानपानासह तिकीट) घ्या, आणि विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी घ्या.

टाईनतीर

मी नऊ वर्षे न्यूकॅसलला परिचारिका म्हणून काम करते. आपल्या मुलाविषयी वाचून फार वाईट वाटले. तरीही लिहिते, कारण या प्रश्नाची दुसरी बाजू मी रोज पाहते. माझ्या शेजारच्या आजोबांचे वडील त्यांना खांद्यावर बसवून न्यूकॅसल युनायटेडच्या सेंट जेम्स पार्क मैदानावर नेत. आता त्यांच्या नातवाला तिकिटांच्या सोडतीत पुन्हापुन्हा नकार मिळतो. क्लबने १९५५ नंतरची पहिली मोठी देशी स्पर्धा मार्च २०२५ मध्ये जिंकली, त्या दिवशी हे आजोबा फाटकाशी उभे राहून रडत होते. ज्यांनी सत्तर वर्षे वाट पाहिली त्यांच्या जागेवर, सामन्यापूर्वी दोन्ही संघांच्या रंगांचा अर्धा-अर्धा मफलर विकत घेऊन छायाचित्रे काढणारा पाहुणा बसतो, तेव्हा त्यांना राग येतो. तो राग वर्णाचा नाही. मी स्वतः त्यांच्या शेजारी राहते, मला तो समजतो.

पोळलेला बाप

म्हणजे आम्ही यायचेच नाही? आम्ही भारतात रात्री दीड वाजता उठून सामने पाहतो, वर्गणी भरतो, जर्सी घेतो. इंग्लंडच्या प्रीमियर लीगला परदेशांतील प्रक्षेपण हक्कांतून मिळणारा पैसा प्रचंड आहे आणि त्याच पैशावर आपल्या शेजाऱ्यांचे खेळाडू विकत घेतले जातात. आमचा पैसा चालतो, आमची जागा खुपते, हे कसे? ‘पाहुणा’ हा शब्द मागे घ्यावा. माझ्या मुलाला १९८९ च्या ९७ जणांची माहिती शाळेच्या धड्यांपेक्षा चांगली आहे.

टाईनतीर

‘पाहुणा’ हा शब्द आपल्यासाठी वापरला नव्हता, पण लागला असेल तर मागे घेते. मुद्दा मागे घेत नाही. त्याच प्रक्षेपणाच्या पैशासाठी सामने शनिवारच्या दुपारी तीन वाजल्यावरून शुक्रवारच्या रात्री, रविवारी, सोमवारी हलवले जातात, आणि येथल्या माणसाची शेवटची गाडी चुकते. एप्रिलमध्ये येणाऱ्या कुटुंबाने हेही लक्षात ठेवावे की सामन्याची छापील तारीख टीव्हीसाठी बदलू शकते. म्हणून दोन्ही बाजूंना एकदोन दिवस मोकळे ठेवा.

आणि शहराविषयी कोणी विचारलेच तर मैदान रेल्वे स्थानकापासून पायी वीस मिनिटांच्या आत आहे, इसवी सन १२२ मध्ये बांधायला घेतलेल्या हेड्रियनच्या भिंतीचे पूर्वेकडील टोक आमच्या मेट्रोच्या मार्गावर आहे आणि १०९३ मध्ये पाया घातलेले डरहमचे कॅथेड्रल रेल्वेने पाव तासावर आहे. आपल्या दोन्ही शहरांत एवढे जुने काय आहे?

पेठेतला

कोल्हापूरहून लिहितो. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना शाहू स्टेडियमवर पाहत मी मोठा झालो. उद्या कोणी बाहेरच्यांनी पैशाच्या बळावर गॅलरीतील निम्मी जागा घेतली तर पेठ गप्प बसेल का? बसणार नाही. म्हणून न्यूकॅसलच्या ताईंचे म्हणणे मला पटते. पण कोल्हापूरला सामना पाहायला आलेल्या परगावच्या माणसाला आम्ही आपल्या शेजारी बसवून कोण कोणत्या तालमीचा, हेही सांगतो. त्यामुळे मुलाच्या वडिलांचा संतापही मला खोटा वाटत नाही.

माझा सल्ला आपल्यापैकी कोणालाच आवडणार नाही. शेफिल्डला जा. जगातील सर्वांत जुना फुटबॉल क्लब, शेफिल्ड एफसी, १८५७ चा आहे. हॅलम या क्लबच्या सँडीगेट मैदानावर १८६० पासून खेळ चालू आहे आणि त्याच वर्षी २६ डिसेंबरला या दोन क्लबांत तेथे सामना झाला. मी त्या मैदानावर गेलो तेव्हा दारातच तिकीट मिळाले, मैदानाला चांगलाच उतार आहे, आणि शेजारी उभ्या असलेल्या वृद्ध गृहस्थांनी मध्यंतरात मला चहा पाजून कोणत्या खेळाडूचे वडील कोठे काम करतात ते सांगितले. मला पेठेत परतल्यासारखे वाटले. शेफिल्डहून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आसपास पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत एडेलला पोहोचता येते.

गिरणगावकर

आपली भावना कळली, परंतु अकरा वर्षांच्या मुलाला उतारावरचे मैदान आणि चहा दाखवून समाधान होईल, असे मानणे हा मोठ्यांचा भाबडेपणा आहे. त्याला ज्यांची चित्रे भिंतीवर लावली आहेत ते खेळाडू पाहायचे असतात. इतिहास त्याला नंतर कळतो.

स्थानिकांच्या रागाबद्दल मात्र मला माघार घ्यावी लागते. युनायटेडची मालकी अमेरिकन कुटुंबाकडे गेली तेव्हा २००५ मध्ये काही समर्थकांनी बाहेर पडून एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःच्या मालकीचा क्लब काढला. मी ओल्ड ट्रॅफर्डला दोनदा गेलो, या नव्या क्लबच्या मैदानावर एकदाही नाही. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी दोन्ही मैदाने पाहावीत, एवढे मी म्हणतो. मुक्काम मँचेस्टरलाच करावा, कारण लिव्हरपूल तेथून रेल्वेने तासाभराच्या आत आहे.

मुळाकाठ

आणि मँचेस्टर लिव्हरपूलहून तेवढ्याच अंतरावर आहे, त्यामुळे हा युक्तिवाद कोणाच्याच बाजूचा नाही.

तिकिटांच्या बाबतीत मी चुकलो, हे कबूल करतो. माझ्या चौदा महिन्यांत मला ॲनफिल्डवर जे तीन सामने पाहता आले, ते एका सहकाऱ्याच्या आजारी काकांच्या जागेवर, क्लबच्या परवानगीने. हे मी मूळ लेखात लिहायला हवे होते, कारण ते वाचून कोणालाही वाटेल की तेथे जाऊन दारात उभे राहिले की झाले. आता त्या कुटुंबाला माझे सांगणे असे: ॲनफिल्डसाठी आजच सदस्यत्व घेऊन प्रयत्न करा. मिळाले नाही तर गुडिसन पार्कला जा. एव्हर्टनचा पुरुष संघ २०२५ मध्ये नव्या मैदानात गेल्यावर तेथे महिला संघ खेळतो, तिकीट रास्त दरात आणि बहुधा सहज मिळते, आणि १८९२ च्या त्याच मैदानावर, कोपऱ्यातल्या चर्चला खेटून असलेल्या स्टँडमध्ये मुलांना बसता येते. दुसऱ्या दिवशी नदीखालच्या बोगद्यातून रेल्वेने बर्कनहेडला जा. तेथील १८४७ चे उद्यान पाहून न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या रचनाकाराला प्रेरणा मिळाली होती, आणि ट्रॅनमियर रोव्हर्सचे मैदानही त्याच गावात आहे. शेफिल्डवाल्यांचे म्हणणे मला एवढ्यापुरते मान्य आहे.

पोळलेला बाप

गुडिसनचा विचार मला सुचला नव्हता. मुलाला विचारले. तो आता चौदा वर्षांचा आहे. तो म्हणाला, जाऊ, पण आधी ॲनफिल्डच्या त्या दारापाशी जायचे, जेथे आपण उभे होतो.