मदत हवी आहे: रविवारी देशी रोपांची विक्री, यादीतलं नेमकं काय घेऊ?

पाचगावकरीण (शुक्रवार, रात्री ९:१०)
घाईत आहे, थेट मुद्द्यावर येते. परवा रविवारी सकाळी आमच्या भागात देशी रोपांची विक्री आहे. व्हॉट्सॲपवर यादी आली आहे. गेल्या वर्षी म्हणे दहा वाजेपर्यंत चांगली रोपं उचलली गेली होती, त्यामुळे तिथे उभं राहून विचार करायला सवड मिळणार नाही. यादी: ताम्हण, बहावा, अशोक, सोनचाफा, पारिजातक, चाफा, गुलमोहर, करवंद, धायटी, मुरुडशेंग, अडुळसा, निर्गुडी, कुडा, कढीपत्ता, माधवी, कुसर, सापसंद.

पाच-सहाच घ्यायची आहेत. फुलं हवीत, पक्षी-फुलपाखरं यावीत आणि फार लाड करायला लागू नयेत. 'जागा बघून ठरवा' असं कृपया सांगू नका, ते नर्सरीवाल्यानं सांगून झालंय. नावं सांगा.

रानवाटा
जागा बघून ठरवा असं म्हणत नाही, पण जागा किती ते तरी सांगाल? या यादीत चाळीस फुटी झाड आहे आणि छातीएवढं झुडूपही आहे. ऊन कुठल्या बाजूनं, जमीन कसली, ड्रेनेजची लाइन कुठून गेलीय?

तांबडा_पांढरा
डोळं झाकून ताम्हण घ्या ताई. आपल्या महाराष्ट्राचं राज्यफूल हाय. एप्रिल-मे मध्ये जांभळा झुपका असा येतोय की रस्त्यावरची माणसं गाडी थांबवून फोटो काढत्यात. आमच्या दारात हाय, नाद खुळा!

पाचगावकरीण
@रानवाटा, बंगल्याभोवती असते तेवढीच जागा आहे हो. पुढे थोडी, मागे पट्टी. ऊन भरपूर.

रानवाटा
'थोडी' म्हणजे किती फूट आणि 'भरपूर' म्हणजे सकाळचं की दुपारचं?

गच्चीवरची_बाग
जमिनीत लावायचंच कशाला? मी सगळं ड्रममध्ये करते. अर्धा ड्रम, खाली विटांचे तुकडे, मग पालापाचोळा, वर माती. वांगी, टोमॅटो, दोडका, सगळं घरचं. ड्रम कुठे मिळतात हवं असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा.

बिनधास्त_बावडा
यादीत गुलमोहर?! गुलमोहर मादागास्करचा. आणि नुसता 'चाफा' लिहिलाय तो देवळाबाहेर असतो तो खुरचाफा असणार, तो अमेरिका खंडातला. सोनचाफा आपला. ही कसली देशी रोपांची विक्री? उद्या बोगनवेल आणि ग्लिरिसिडिया पण देशी म्हणून विकतील.

तांबडा_पांढरा
आजोबांच्या काळापासून गुलमोहर बघायलोय आपण. तो परका कसा काय? असं म्हटलं तर मिरची पण अमेरिकेतनं पोर्तुगीजांबरोबर आली. मग तांबडा रस्सा बंद करा की!

बिनधास्त_बावडा
भावा, रस्सा मी पितो, किड्यांनी प्यायचा नसतो. इथल्या फुलपाखराची अळी गुलमोहराचं पान खाऊन जगणार आहे का? ताईंनी फुलपाखरं मागितलीत, सावली नाही.

तांबडा_पांढरा
पण गुलमोहराच्या फुलांवर फुलपाखरं येतात, मी बघितलीत.

बिनधास्त_बावडा
येतात रस प्यायला. अंडी घालायला जातात का? हॉटेल वेगळं, घर वेगळं.

घाटमाथा_७२
कोनोकार्पस हे परदेशी झाड यादीत नाही हे नशीब. कंपाउंडला झटपट हिरवी भिंत म्हणून तो लोक लावत सुटलेत. गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

पाचगावकरीण
अहो, मी नावं विचारली आहेत, वाद नको. घ्या माहिती. मागची पट्टी कंपाउंड भिंत आणि घर यांच्यामध्ये, पाच फूट रुंद, साधारण पंचवीस फूट लांब, पश्चिमेला. दुपारी दोननंतर रणरणतं ऊन. मध्ये ड्रेनेजचा चेंबर. पुढे पोर्चच्या बाजूला बारा बाय पंधरा, सकाळचं ऊन, वरून एमएसईबीची तार जाते. दीड फूट खणलं की मुरूम लागतो. आता सांगा.

रानवाटा
हे आधी सांगितलं असतं तर रात्रीचे साडेअकरा झाले नसते! :)

ताम्हण आणि बहावा दोन्ही विसरा. देखणी झाडं आहेत, पण तुमची तार आणि चेंबर बघता दहा वर्षांनी वायरमन येऊन शेंडा कापून जाईल. बहाव्याला पंचवीस-तीस फुटांची मोकळीक हवी. ताम्हण तर मुळात ओढ्याकाठचं झाड, मुरमात लावून टँकर मागवणार का?

मागच्या पट्टीत झुडपंच लावा. कोपऱ्यात, भिंतीला लागून पण चेंबरपासून लांब, दोन करवंदं. काटे असतात, त्यामुळे मांजरही त्या बाजूनं भिंतीवरून उतरत नाही. मुरूम-दगड चालतो, उन्हाळ्यात पाणी विसरलात तरी तग धरतं. त्याच्या शेजारी धायटी. जानेवारी ते एप्रिल तिला भडक तांबडी, नळीसारखी फुलं येतात आणि शिंजीर पक्षी फांदीला उलटे लटकून मध पितात. राधानगरी-गगनबावड्याकडे उघड्या उतारावर पाहिली असेल. मधल्या जागेत अडुळसा. शेळी तोंड लावत नाही, छाटला की फुटतो, पांढऱ्या फुलांवर भुंगे येतात.

पुढे कढीपत्ता, तो हवाच. लिंबू-कढीपत्त्याच्या पानावर कॉमन मॉरमॉन आणि लाइम बटरफ्लाय अंडी घालतात. सुरुवातीला अळी हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी काळी-पांढरी दिसते, मोठी झाल्यावर हिरवी होते. ती दिसली की औषध फवारू नका, नाहीतर मग फुलपाखरांची अपेक्षाही ठेवू नका. पोर्चच्या खांबावर चढवायला कुसर. सह्याद्रीतली रानजाई ती, पांढरी फुलं, वास मंद पण लांबवर जाणारा.

वैद्यकाकू
अडुळसा घेताच आहात तर दोन घ्या. खोकल्यावर पानांचा रस मधातून. आमच्याकडे पावसाळाभर चालतं. धायटीची फुलंही आसव-अरिष्ट आंबवायला लागतात, फुकट घालवू नका. आणि हो, सापसंद पण घ्या, मुळं औषधी असतात.

रानवाटा
काकू, सापसंदाचं औषध इथे सांगू नका. त्यातलं ॲरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडाला घातक आहे. लावायची असेल तर फुलपाखरांसाठी लावा. सदर्न बर्डविंग आणि कॉमन रोझ यांच्या अळ्या याच वेलीवर वाढतात. पण घरात चिमुरडी असतील तर विचार करा.

वैद्यकाकू
आमच्या आजेसासूबाई वापरायच्या, त्या नव्वदीपर्यंत ठणठणीत होत्या. असो.

पाचगावकरीण
चिमुरडी आहे, दीड वर्षाची, सगळं तोंडात घालते. सापसंद रद्द. मग करवंदाच्या काट्यांचं काय?

माती_हातात
करवंदाच्या पुढे अडुळसा आलाय ना, मग पोर तिथवर जाणारच नाही. खालच्या फांद्या छाटायच्या. काट्याचा एवढा धसका घेऊ नका, तोंडात गेलेल्या बियांपेक्षा काटा परवडला.

विक्रीत काय बघायचं ते सांगते, यादीपेक्षा ते महत्त्वाचं. पिशवी उचला आणि खालच्या भोकातून मुळं बाहेर आलीत का बघा. दोन-चार तंतू चालतील. जाड मूळ बाहेर येऊन वळलेलं असेल तर ते रोप कित्येक महिने त्याच पिशवीत आहे, मुळं आत गोल फिरलीत. उंच रोपाच्या मोहात पडू नका. बुंधा पेन्सिलीएवढा जाड, उंची दोन फूट, तेच चांगलं. काडीसारखं पाच फुटी रोप काठीला बांधून उभं केलेलं असतं, काठी काढली की मान टाकतं.

'अशोक' लिहिलाय तिथे पान बघूनच हात लावा. सीता अशोकाचं पान संयुक्त असतं, एका दांड्यावर पानांच्या जोड्या, आणि कोवळी पालवी तांबूस, लोंबलेली. लांबट, सुटं, कडेला लाटा असलेलं पान दिसलं तर तो बिल्डर लोक कुंपणाला लावतात तो उंच हिरवा खांब. सीता अशोक तुमच्याकडे तसाही रमायचा नाही. त्याला ओलावा आणि लहानपणी सावली हवी, आणि तुम्ही द्याल पश्चिमेचं ऊन.

काळी_माती
रोप कुठलंही घ्या, जीवामृत दिलं की मुरमातही जंगल उभं राहतं. २०० लिटर पाण्यात १० किलो देशी गाईचं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. दोन-तीन दिवस ढवळा, मग द्या.

माती_हातात
पाच फुटी पट्टीला २०० लिटर? शेजारी पोलिसांत जातील.

काळी_माती
प्रमाणात कमी करा की. सगळं मीच सांगायचं का?

नागाळा_पार्क_तळमजला
विषय निघालाय तर विचारतो. आमच्याकडे पूर येतो. २०१९ आणि २०२१ दोन्हीला बाग पाण्याखाली होती. त्यानंतर लावलेलं काही टिकत नाही. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फूट झालं की आम्ही सामान वर न्यायला लागतो. यादीतलं काय चालेल?

रानवाटा
तुम्हाला ताम्हण! वरती पाचगावकरणीला नको म्हटलं ते तुम्ही घ्या. यादीत नाही, पण करंजही घ्या, तो नदीकाठचाच. दोघांनाही काही दिवस पायात पाणी उभं राहिलेलं सोसतं. कढीपत्ता जमिनीत लावू नका, कुंडीत ठेवा आणि सामानाबरोबर वर न्या.

तांबडा_पांढरा
बघा, शेवटी ताम्हणच!

घाटमाथा_७२
माझं मत वेगळं. रविवारच्या विक्रीला जाऊच नका. १ ते ७ जुलै वनमहोत्सव असतो, तेव्हा वन विभागाच्या रोपवाटिकेतून घ्या. सवलतीत मिळतं आणि नाव खोटं नसतं. कन्हैयालाल मुन्शींनी १९५० मध्ये सुरू केलेला उपक्रम आहे, लोक विसरलेत.

रानवाटा
स्वस्त मिळेल हे खरं. पण तिथे तुम्हाला मोठी वृक्षजात जास्त दिसेल. धायटी, कुसर, मुरुडशेंग असली झुडपं-वेली मागितल्यावर बहुतेक वेळा 'संपलं' ऐकायला मिळतं. ताईंना नेमकी तीच हवीत. शिवाय मृग लागलाय, जमीन ओली आहे, महिनाभर थांबायचं कशाला?

घाटमाथा_७२
मला जुलैमध्ये कुडा मिळाला होता. मागितलं तर मिळतं, फक्त साहेबाशी नीट बोलायला लागतं.

उचगावचा_उनाड
मी विचारतो ते वेगळं आहे. आमच्या शेजारच्या काकांची सातवीण दिवाळीच्या सुमारास फुलली की आमच्या घरातल्यांची डोकी दुखतात. झाड त्यांच्या हद्दीत, वास आमच्या बेडरूममध्ये. तोडायला लावता येतं का?

बिनधास्त_बावडा
शहरात झाड तोडायचं तर १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली महापालिकेची परवानगी लागते. वासासाठी कुणी देणार नाही. खिडकी बंद करा. बाकी सातवीण देशीच आहे, तुमच्या डोक्यासाठी मादागास्करची मागवू का?

लिली_आणि_मी
हॉलमध्ये मनी प्लांट ठेवा ताई, दक्षिण-पूर्व कोपऱ्यात. पाण्यातही येतो.

पाचगावकरीण
मनी प्लांट कुणी विचारला? माधवीबद्दल मात्र कुणीच बोललं नाही. माझ्याकडे मधुमालती आहे, तीच का ही?

माती_हातात
नाही. मधुमालतीची फुलं संध्याकाळी पांढरी उमलतात, मग गुलाबी, लाल होतात. माधवी वेगळी, पांढरी झालरीच्या पाकळ्यांची, एक पाकळी पिवळी. तिचा खोडासकट प्रचंड विस्तार होतो. पोर्चचा खांब गिळेल. कुसर पुरे तुम्हाला.

सोनचाफावाली
सोनचाफ्याला सगळे विसरले! कलमी घ्या, दुसऱ्याच वर्षी फुलं. फक्त कलमाचा जोड बघून घ्या, जोडाच्या खालून फुटवा आला असेल तर तो वेळीच खुडायचा, नाहीतर कलम बाजूला राहून खालचंच झाड वाढतं. वरची छाटणी ठेवली तर तारेला टेकत नाही.

रानवाटा
छाटणी ठेवली तर. किती जण ठेवतात?

सोनचाफावाली
मी ठेवते.

पाचगावकरीण (रविवार, दुपारी १२:५०)
जाऊन आले. करवंद दोन, धायटी, अडुळसा, कढीपत्ता, कुसर मिळाली. 'अशोक' पाटी असलेल्या टेबलावर सगळी लाटांच्या पानांची रोपं होती, तिथे एक काका सीता अशोक समजून तीन घेऊन गेले. मी सांगेपर्यंत त्यांनी पैसे दिले होते. सोनचाफ्यावर घरात मतदान झालं आणि सासूबाई जिंकल्या, त्यामुळे तोही आला. जोडाखाली फुटवा होता, विक्रेत्यासमोरच खुडला, तो हसला नाही.

आता एकच. करवंद आणि भिंतीत अंतर किती ठेवू? मजूर संध्याकाळी येणार आहे.

रानवाटा
दीड ते दोन फूट. खड्डा दोन बाय दोन, मुरूम बाहेर काढा, आत माती आणि शेणखत. पिशवी ब्लेडनं उभी चिरा, उपसून काढू नका. धायटीला खत नको, फुलं कमी येतात असा माझा अनुभव.

काळी_माती
आणि जीवामृत.

नागाळा_पार्क_तळमजला
ताम्हण शिल्लक होतं का?

पाचगावकरीण
आम्ही निघालो तेव्हा दोन होती. लवकर जा, दीड वाजता गुंडाळणार आहेत म्हणे.